शून्य ते दहा, खरं सांगा

दातांच्या दवाखान्यात माणूस तोंड उघडतो आणि मग उघडंच ठेवतो! दिवसभरात टाकलेले कापसाचे बोळे मी संध्याकाळी फेकून देतो, किस्से मात्र साचत जातात.

नववीत शाळा सोडली तेव्हापासून मी वाशिमला आमच्या मॅडमच्या दवाखान्यात आहे. अवजारं धुऊन मशीनमध्ये निर्जंतुक करायची, हे माझं काम. मग मॅडमचा रिसर्च सुरू झाला. दाढ बधिर करायचं इंजेक्शन देण्याआधी हिरडीला जेल लावायची. जेल दोन, ट्यूब सारख्याच, फक्त एकीवर निळं लेबल आणि दुसरीवर पिवळं. सुई कोणत्या जेलनं कमी दुखते, ते शोधायचं. म्हणून टोचल्याबरोबर पेशंटनं आकडा सांगायचा. मुळीच दुखलं नाही तर शून्य, सहनच झालं नाही तर दहा.

विचारायचं काम माझ्याकडे आलं. "आकडे खोटे आले तर माझी दोन वर्षं वाया," मॅडम म्हणाल्या.

अनोळखी माणसासमोर माझी जीभ इंजेक्शनशिवायच बधिर होते! पण ठरवलं, खरा आकडा घेतल्याशिवाय सोडायचं नाही.

*

पहिल्याच दिवशी रिठदच्या एक काकू आल्या, सोबत नवरा. सुई टोचली. काकूंच्या डोळ्यांत पाणी.

"काकू, किती दुखलं?"

"दोन लिही," नवरा म्हणाला.

"काका, त्यांना विचारलं."

"अरे, तीस वर्षांपासून वयखतो मी तिले. दोनच!"

मागून काकूंनी दोन्ही हात वर केले. दहाही बोटं ताठ!

त्या दिवसापासून नातेवाईक काचेच्या दाराबाहेर.

*

कारंज्याचे एक कापसाचे व्यापारी मुलीकडे आले होते, दुखरी दाढ घेऊन आमच्याकडे आले.

"माह्या आधीच्या पेशंटनं किती सांगतलं?"

"ते सांगता येत नाही, शेठजी. तुमचा आकडा सांगा."

"आठ."

मी लिहायला लागलो.

"थांब, थांब! लगेच कबूल झाला म्हणजे मी कमी बोललो. नऊ कर!"

मी पेन खाली ठेवलं. "शेठजी, हा भाव नाही, दुखणं आहे." हे एवढं वाक्य मी न अडखळता बोललो, याचं मलाच नवल वाटलं.

*

एका भाऊनं जेल पाहिली आणि म्हणाला, "मले त्यातली चांगलीवाली लाव."

"कोणती चांगली, ते मला माहीत नाही."

"मंग मॅडमले विचार."

"मॅडमलाही माहीत नाही. म्हणून तर रिसर्च आहे."

तो खुर्चीवरून उठलाच. "दोघायलेही माईत नाही, अन् माह्या तोंडात हात घालून राह्यले!"

दोन्ही जेल रोजच्या वापरातल्या आहेत, हे पटवायला मला अर्धा तास लागला. पण बसवला!

*

रजियाआपा शिलाईचं काम करतात. सुई टोचताना त्यांनी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला की रेक्झिन फाटलं.

"जीरो लिख, बेटा."

"आपा, कव्हर फाटलं."

"वो मैं सी देती. मॅडम इत्ते प्यार से सुई लगाते, उनके मुंह पे कैसे बोलूं दुखा?"

मी मॅडमना म्हणालो, "मॅडम, तुम्ही जरा बाहेर जाता का?"

मॅडमच्याच दवाखान्यातून मी मॅडमना बाहेर काढलं! दार लागलं. आपा माझ्या कानाशी आल्या. "आठ."

*

आणि हे शिरपूरचे आबाजी. दाढ काढून घेतली, शून्य सांगितलं, मिशीवर हात फिरवत गेले. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं परत हजर!

"पोरा, माहा आकडा खोड. सात लिही."

"काल तर शून्य म्हणालात?"

"काल काचेतून जावई पाहून राह्यला होता!"

मी मॅडमना बोलावलं. मॅडम म्हणाल्या, "बाबा, आकडा टोचल्याबरोबरचाच धरतात. आता बदलता येत नाही."

"मंग खोटाच राहीन का तो?"

मॅडमनी हो म्हणून मान हलवली.

आबाजींनी टोपी काढली, माझ्या हातात दिली आणि खुर्चीवर जाऊन बसले.

"दुसऱ्या बाजूची काढा."

मॅडमनी आरसा घालून पाहिलं. "बाबा, ही तर धडधाकट आहे!"

"असू द्या. आकडा त खरा येईन!"