दुसरा नंबर

स्वखर्चानं छापलेल्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांतलं सगळ्यात चांगलं मुखपृष्ठ निवडायला आमच्या वाचनालयात दरवर्षी दोन परीक्षक बसतात: टेंभुर्णीचे चित्रकलेचे सर आणि आमच्या घरातली पहिली पदवीधर, मी.

सर पुस्तक आधी उलटं धरतात. “नाव वाचलं की चित्र दिसत न्हाई, मॅडम.” ड्रॅगन दिसला की विचारतात, “हा आपल्याकडं कधी आल्ता?”

यंदा एका मुखपृष्ठावर त्यांचा हात थांबला. “हे माझ्या लेकीनं काढलंय. मी गुण देणार न्हाई. तुम्ही द्या, पण माझ्याकडं बघून देऊ नका.” आणि ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

मी तिला दुसरा नंबर दिला. सरांनी आत येऊन पहिल्या नंबराचं आणि लेकीचं अशी दोन्ही मुखपृष्ठं शेजारी ठेवली, बराच वेळ पाहिली.

“बिलकुल बराबर,” ते म्हणाले. “पण मॅडम, निकालाचा फोन तिला तुम्हीच करा. माझ्याच्यानं न्हाई व्हायचं.”