नमस्काराची यादी

मी भांडकुदळ आहे, हे शहापुरात मला ओळखणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेत मराठी शिकवते, सुट्टीत नाटकं बसवते, आणि आवाज चढवल्याशिवाय माझं दोन्हीकडे काही होत नाही. बहुतेक भांडणं मी जिंकते. एक भांडण मात्र हरले असते तर बरं झालं असतं.

नाटक संगीत होतं. धरणाच्या पाण्याखाली गेलेलं गाव आणि त्या पाण्यावर होडी चालवत राहिलेला म्हातारा नावाडी. गोष्ट माझी, चाली बाबांच्या. बाबा म्हणजे माझे वडील नव्हेत, सगळेच त्यांना बाबा म्हणायचे; किन्हवलीच्या पुढे, एका गावाबाहेरच्या बौद्धवाडीत राहायचे. जन्मभर मजुरी केली, कुटुंब घेऊन वीटभट्टीवर गेले, आणि जयंतीला वाडीच्या गायन पार्टीत पेटी घेऊन गायले. वाडीबाहेर त्यांना कोणी ऐकलं नव्हतं. मी एका विद्यार्थिनीच्या घरी गेले होते तेव्हा शेजारच्या ओट्यावरून तो आवाज आला, आणि मी बोलता बोलता थांबले. तिथेच सांगून टाकलं, ‘बाबा, नाटकातला नावाडी तुम्हीच.’

‘मी? आवो बाई, माजा गळा गेलाय,’ ते म्हणाले.

गळा खरंच गेला होता. आत गाठ होती, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, आणि त्यानंतर गाता येणार नाही हेही सांगितलं होतं. त्यांनी ऑपरेशन नाटकानंतर ठेवलं. म्हणजे शहापूरच्या हॉलमध्ये ते गाणार होते ते पहिल्यांदा आणि शेवटचं. तेव्हाच मी ठरवलं, भरलेल्या हॉलने या माणसासाठी उभं राहून टाळ्या वाजवल्या पाहिजेत. माझा जीव त्यातच अडकला.

तालमी माझ्या शाळेतच, रविवारी. बाबांची एकच सवय सगळ्यांना खटकायची. चहा आला की कोणी हात पुढे करायच्या आत ते पहिला ग्लास उचलायचे. वडेही तसेच. आमचा नायक, बँकेतला देखणा मुलगा, एकदा माझ्या कानाशी म्हणाला, ‘मॅडम, म्हाताऱ्याला दमच नाही.’ मी त्याच्यावर डोळे वटारले, पण मनात मलाही तसंच वाटलं होतं.

नाटक संपल्यावर पडदा पुन्हा उघडतो आणि कलाकार एकेक करून नमस्काराला येतात. सगळ्यात शेवटी येतो तो सगळ्यात मोठा. हे मी मुंबईतल्या एका शिबिरात शिकले होते आणि ते मला वेदवाक्य वाटत होतं. मी यादी केली. शेवटी बाबा. यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि अर्ध्या तासात नायक ग्रुपमधून बाहेर.

‘हिरो मी आहे,’ फोनवर तो म्हणाला. ‘त्यांची तीन गाणी. मी अडीच तास स्टेजवर. शेवटी मीच यायला पाहिजे.’

‘तू अडीच तास स्टेजवर असतोस तेव्हा लोक त्यांच्या गाण्याची वाट बघत असतात,’ मी म्हटलं. बोलायला नको होतं, पण माझं तोंड!

तीन आठवडे हे चाललं. त्याने तालमी बुडवल्या, इतरांचे कान भरले. मी म्हटलं, जा, मुरबाडहून दुसरा आणते. शेवटी नरमला. त्या दिवशी मी घरी शिरा केला, आता हसू येतं. बाबा ग्रुपवर नव्हते, आणि या सगळ्यात त्यांना एक शब्द विचारावा, हे मला सुचलं नाही. कशाला विचारायचं? मान द्यायचा तर विचारायचं काय?

यादी करायच्या आधी, सगळ्यांना नुसतं वाकायचं कसं ते शिकवलं तेव्हा बाबा हसत म्हणाले होते, ‘आमच्या आज्यानी जोहार घातले, बापानी सोडले, आन् तुमी मला परत वाकायला शिकवता? आमच्यात गाणं झालं की सगळी एकदम उभी राहून जय भीम करतात. मंग पुढचा कोण नाय, मागचा कोण नाय.’

सगळे हसले. मीपण हसले.

प्रयोग रविवारी दुपारी तीनला, गावोगावच्या लोकांना परतीची एसटी मिळावी म्हणून. हॉल गच्च. पडद्यामागे भिंतीला मी यादी चिकटवली होती. बाबांनी चष्मा लावून, वरून खाली बोट फिरवत ती वाचली. बोट तळाला थांबलं.

‘मी शेवटी काय?’

‘शेवटी! भांडून घेतलंय बाबा तुमच्यासाठी,’ मी फुशारकीने म्हटलं.

‘बरं,’ ते म्हणाले आणि चष्मा खिशात ठेवला.

गायले असे की मी पडद्यामागे उभी राहून रडले. शेवटच्या गाण्यात आवाज दोनदा फाटला आणि हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. मला वाटलं, झालं, आता नमस्कार आणि टाळ्या, बस.

पडदा उघडला. एकेक जण यायला लागला. नायक आला, शिट्ट्या पडल्या. आणि त्याच वेळी पहिल्या रांगेतले प्रमुख पाहुणे उठले. त्यांचा मुरबाडला दुसरा कार्यक्रम होता. ते उठले म्हणून त्यांची माणसं उठली. पुढारी उठले म्हणजे संपलं, असं समजून मागचेही उठले. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, ‘किन्हवली लागली!’ झालं. गाडी गेली तर पायी कोण जाणार? दारात नुसती रेटारेटी.

मी बाबांना थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं. लोक थांबतील, वळतील असं वाटत राहिलं. बाबा बाहेर गेले. समोर बारा-पंधरा माणसं, तीही पाठमोरी, आणि मंडपवाले खुर्च्या मिटून एकावर एक रचत होते. बाबांनी हात जोडले. वाकले नाहीत. जरा वेळ त्या खुर्च्यांकडे बघत उभे राहिले आणि आत आले. त्यांचा मुलगा, कसाऱ्याला रेल्वेत आहे, तो तेवढा कोपऱ्यात उभा राहून टाळ्या वाजवत होता. त्या एकट्याच्या टाळ्या अजून माझ्या कानात आहेत.

मेकअपच्या खोलीत ते खोबरेल तेलाने तोंडाचा रंग पुसत होते.

‘बाबा, नाटकात शेवटी येणं म्हणजे सगळ्यात मोठा मान असतो,’ मी म्हटलं.

‘आसंल. तुमच्यात आसंल.’ थोडा वेळ पुसत राहिले. ‘मी बारका होतो, तवा गावात लगीन आसलं की आमची पंगत शेवटची. सगळी जेवून उठली की आमाला हाक. थंड भात, तळाचं वरण, आन् वाढणारा बी घाईला आलेला. तवाच ठरावलं, मोठा झाल्यावर कुटं पण शेवटी थांबायचं नाय. चहाला पण नाय. आज तुमच्या शब्दाखातर थांबलो.’ मग माझ्याकडे बघितलं. ‘पंगत उठली होती बाई. तुमी मला एकदा इचारायचं होतं.’

रागावून बोलले असते तर मी भांडले असते. भांडता येतं मला. मी बाहेर जाऊन भिंतीवरची यादी काढली.

पुढच्या महिन्यात मुरबाडला प्रयोग झाला. बाबांचं ऑपरेशन झालेलं. त्यांची गाणी दुसऱ्याने म्हटली, शेवटचा नमस्कार नायकाने घेतला, आणि मी कोणाशीही भांडले नाही. नंतर दोनदा बाबांकडे गेले. बोलता येत नव्हतं, हाताने ‘बसा’ म्हणायचे, बाकी सांगायचं ते नातवंडांच्या पाटीवर लिहायचे. सूनबाई चहा आणायच्या आणि बाबा पहिला ग्लास माझ्यापुढे सरकवायचे.  मी माफी मागायचं ठरवून जायची आणि शाळेच्या गप्पा मारून यायची. तिसऱ्यांदा गेले ते बाबा वारल्यावर, त्यांच्या पुण्यानुमोदनाला.

विहारात फोटो, समोर फुलांचं ताट. वाडीतली म्हातारी माणसं, भाऊबंद, गायन पार्टीतले सोबती, सगळे बसले होते. मी दाराशी चपलांजवळ बसले. तीच माझी जागा, असं मला वाटलं. मुलगा ताट घेऊन सरळ माझ्याकडे आला.

‘आधी घरच्यांना दे,’ मी म्हटलं. ‘मी मागून वाहीन.’

‘नाय बाई,’ तो म्हणाला. ‘बाबांनी पाटीवर लिहून ठेवलंय. बाई आल्या तर त्यांना शेवटी ठेवू नको.’

सगळे माझ्याकडे बघत होते. मी उठले आणि पहिलं फूल वाहिलं.