वन्सं, दोघींचाही पार्लरचा नंबर रद्द करा

...आणि वर मलाच म्हणतात, "शोभा लय हट्टी हाय!" माझं डोकं, माझे केस, आणि परस्पर नंबर लावायचा वन्संनी. मला विचारलं? नाही. डॉक्टरला विचारलं? ते तर नाहीच नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. वन्सं म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, सांगलीला असतात. माझ्या पोराचं लग्न पुढच्या महिन्यात आहे, आणि शनिवारी कराडच्या पार्लरमध्ये त्यांनी माझे केस काळे करायचं ठरवून टाकलंय.

मी चारच यत्ता शिकलेली बाई, त्यामुळं चूक झाली ती सरळ कबूल करते. पुडीवर पानाचं चित्र असायचं म्हणून मी ती काळी पूड मेहंदीच समजत होते. पांढरं दिसलं की लाव... बारसं आलं लाव, कुणाचं लग्न आलं लाव. दर बारा दिवसाला.

आणि वाटीत उरलेलं टाकून कसं द्यायचं? म्हणून ते शेंड्यापर्यंत फासायचे. वर अंगाच्या साबणानं धुवायचे. असं किती वर्षं चाललं देव जाणे. केस असे झाले की कंगव्यात हातभर निघायचे आणि वेणी करंगळीएवढी बारीक राहिली.

तरी अक्कल आली नाही. एकदा सकाळी उठले तर डोळेच उघडेनात. पापण्या सुजलेल्या, कानामागं पाणी सुटलेलं. आमचे हे घाबरून गाडी काढायला पळाले, ते पायात एक माझी चप्पल आणि एक त्यांची!

कराडच्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी पुडी बघितली आणि म्हणाल्या, "मावशी, यात मेहंदी नावाला आहे, बाकी रंगच आहे. आता परत लावलात तर याच्यापेक्षा जास्त सुजेल." आणि एक गोष्ट सांगितली ती मी पक्की धरली. जळालेला केस परत जिवंत होत नाही, तो कापायचा आणि नवीन येणारा जपायचा.

पार कमरेच्या वेणीची सवय होती हो मला... पण खांद्यापर्यंत कापून टाकले. धुवायच्या आधी तासभर नुसत्या केसांना खोबरेल. साधा शाम्पू, आणि ते मऊ करायचं कंडिशनर खालच्या केसांनाच, मुळाला नाही. टॉवेलनं खसाखसा घासणं बंद, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात टिपून घेते. मोठ्या दाताच्या फणीनं आधी शेंडे सोडवायचे, मग वर जायचं. अंबाडा तर अजिबात आवळत नाही.

चार महिने झाले. खाज गेली, गळणं कमी झालं. मुळाशी पांढरं आलंय, पण ते माझं आहे आणि हाताला मऊ लागतं.

आता परवाची गोष्ट. बस्ता बांधायला दोन्हीकडची माणसं कराडला दुकानात बसलेली. वन्सं सगळ्यांसमोर म्हणाल्या, "शोभा, शनिवारी अकराला तयार राहा. तुझं काळं आणि सूनबाईचं तांबूस, दोघींचा नंबर एकदम लावलाय. न्हाईतर सूनमुखाच्या आरशात सुनेशेजारी आजी दिसंल!"

सासू नव्या सुनेचं तोंड आरशात बघते ना, त्याबद्दल बोलत होत्या. दुकानातला साड्या दाखवणारासुद्धा हसला. मी म्हटलं, "आवं वन्सं, उद्या आजी होणारच हाय की मी." तर म्हणतात, "ते उद्या. फोटो जन्मभर ऱ्हातो."

खरं सांगते, तिथं मी ढिली पडले. म्हटलं, एकदाच तर आहे... माणसांत कशाला वाद? गप्प बसले.

चहा झाला आणि हात धुवायला मागच्या बाजूला गेले, तर होणारी सून प्रतीक्षा माझ्या पाठोपाठ आली. वडूजची पोरगी, साताऱ्यात नोकरी करते. तिनं केसांचा क्लिप काढला. वर्षात दोनदा रंग आणि एकदा सरळ करून घेतलेले केस... शेंडे नुसते काथ्यासारखे. बोटं फिरवली तर तुकडे हातात आले.

म्हणाली, "आई, मला आता रंग नकोय. पण घरात म्हणतात, सासरकडनं आलंय, नाही म्हणू नकोस."

या पोरीनं अजून आमच्या घराचा उंबरा ओलांडला नाही आणि गप्प बसायला शिकली. आणि ते शिकवायला मीच तिच्यासमोर गप्प बसलेले! तिला म्हटलं, "क्लिप लाव. रंग तूबी लावायचा न्हाई आन् मीबी न्हाई. सासरकडनं हे मी सांगतीया."

घरी येऊन पार्लरला फोन केला. बाई म्हणते, ज्यांनी नंबर लावला त्यांनीच रद्द करायचा. वन्संना चार फोन केले, उचलत नाहीत. पण माझी पोस्ट सगळ्यात आधी त्याच बघतात, म्हणून इथं लिहिते.

वन्सं, तुमचा मान मोठा आहे, लग्नात पहिली साडी तुमचीच. प्रेमानं केलंत हेही कळतं मला. पण आमच्या दोघींच्या डोक्याला शनिवारी कोणी हात लावणार नाही. गुरुवारी संध्याकाळी दिवे लागायच्या आत नंबर रद्द केला की नाही ते मला सांगा. हो किंवा नाही असं लिहा, नुसता अंगठा पाठवू नका. नाही म्हणालात तर शनिवारी अकराला त्या खुर्चीत तुम्हीच बसा.