आधी विहीर बघायची

रविवारी आमच्या शेजारच्या नव्या टॉवरमध्ये घरं बघायला जोडपी येतात. मी आपली गेटाजवळच्या बाकावर बसून त्यांना बघत असते. पार्किंग कुठे, जिम कुठे, गॅलरीतून डोंगर दिसतो का, सगळं कसून विचारतात. पाण्याचं कुणी विचारत नाही.

माझे वडील मुलगी द्यायच्या आधी त्या गावची विहीर बघून यायचे. नवरामुलगा नंतर. तेही मुद्दाम उन्हाळ्यात. पावसाळ्यात काय, सगळ्याच विहिरी श्रीमंत! आणि हे शहर बघा. नकाशात बागा रंगवतात, रस्ते रंगवतात, पण एवढी माणसं पुढे पिणार काय, ते रंगवलेलं मला तरी कुठे दिसलं नाही. धरण तेच, जुनं. त्याच्यावर काय मजले चढवता येतात?

परवा एक पोटुशी मुलगी दमून माझ्याशेजारी टेकली. नवरा वर घर बघत होता. मला काही राहवेना. म्हटलं, "बाळा, सही करायच्या आधी ऐक. इथे नळाला पाणी नाही. आम्ही सगळे टँकरवर जगतो."

वाटलं, दचकेल, नवऱ्याला हाक मारेल. ती नुसती हसली.

"आजी, आत्ता राहतो तिथेही टँकरच आहे. त्याच्याआधी होतो तिथेही." मग जरा जवळ सरकून म्हणाली, "इथला वेळेवर येतो का?"

"नाही गं," म्हटलं.

तिने मान हलवली, गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि नवऱ्यामागोमाग घर बघायला वर गेली.