इंग्रजी कपाट उंब्रजला गेलं

सांगलीचं घर सोडून साताऱ्याला जायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात मोठी अडचण पुस्तकांच्या कपाटाची झाली. मुलगा परदेशात. त्याने माझ्यासाठी साताऱ्यात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. "बाबा, नदीजवळ तळमजल्यावर एकटे राहू नका," एवढंच त्याचं म्हणणं, आणि ते चुकीचं नव्हतं. पण त्या इमारतीचा जिना अरुंद, लिफ्ट लहान आणि माझं कपाट छताला टेकणारं, महॉगनीचं.

ते बायकोच्या माहेरचं. तिचे वडील साताऱ्यात डॉक्टर होते. एक इंग्रज अधिकारी बंगला आवरून मायदेशी गेला, तेव्हा त्याच्या सामानातून त्यांनी ते घेतलं होतं. वर काचेची दारं, खाली लाकडी. वडील गेल्यावर भावंडांत कुणालाच ते नको होतं. ही म्हणाली, मी नेते.

सांगलीत पाणी शिरलं तेव्हा आम्ही दोघं तिच्या बहिणीकडे होतो. परत आलो तर खालचे सगळे कप्पे गाळाने भरलेले. तिथली पुस्तकं हातात घेतली की लगद्यासारखी सुटायची. मी म्हटलं, आता हे भंगारात. तिने जुन्या टूथब्रशने कोपऱ्याकोपऱ्यातला गाळ काढला. मी दारं उन्हात ठेवली तर म्हणाली, "सावलीत ठेवा. तडकतील." पुढे कित्येक दिवस ती मऊ फडक्याने जवसाचं तेल चोळत होती. दारं फुगली ती फुगलीच, पुन्हा नीट मिटली नाहीत. एका दाराच्या आतल्या बाजूला तिने पेन्सिलीने रेघ ओढली आणि वर लिहिलं, "इथवर पाणी." मी विचारलं, हे कशाला? म्हणाली, "आपण विसरतो."

त्यानंतर ती फार वर्षं राहिली नाही.

कपाटाची जाहिरात मुलाने तिकडूनच मोबाइलवर टाकली. फोन येऊ लागले. कंडिशन कशी आहे, असं प्रत्येकजण विचारायचा आणि मी सविस्तर सांगायचो. मागचा एक पाय गेलाय, तिथे वीट आहे. एक काच नवी, बाकीच्या जुन्या, त्यांतून पाहिलं की समोरचं थोडं हलल्यासारखं दिसतं. खाली पाण्याने लाकूड पांढुरकं झालंय. काही लोक पाहायला आले. मी चहा ठेवायचो, बसा म्हणायचो. ते बोटाने टकटक करायचे, फोटो काढायचे, कळवतो म्हणायचे. कुणी आलं की घरात बोलणं व्हायचं. ते गेल्यावर कपबशा विसळताना कळायचं, आज दिवसभरात एवढंच बोललो.

शेवटी उंब्रजचे एक सुभेदार आले. निवृत्त, माझ्याच वयाचे, ताठ चालणारे. कपाटासमोर उभे राहिले आणि बराच वेळ हललेच नाहीत.

"आमच्या मेसमदी असंच व्हतं बगा," ते म्हणाले. "नवा भरती झालो तवा पुसायला मलाच लावायचे. लय शिव्या खाल्ल्यात मी ह्या काचांपायी."

"मग आता कशाला हवंय?"

ते हसले. "तवा हात लावायला भ्यायचो. आता आपल्या घरात ठिवायचं."

मी खालचं दार उघडून डाग दाखवला, रेघही दाखवली. फसवणूक नको म्हणून. त्यांनी वाकून वाचलं आणि म्हणाले, "पुराचं व्हय? काळजी करू नगा सर. चांगल्या घरी पडंल ह्ये."

दोन दिवसांनी त्यांनी टेम्पो आणला. वरचा भाग खालच्यावर नुसता बसवलेला होता, तो उचलताच वेगळा झाला. मागची भिंत उघडी पडली. बाकीच्या घराला रंग दिला होता, तिथे मात्र पुराचा मळकट पट्टा तसाच होता.

साताऱ्याला आलो. फ्लॅटच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. शेजारी चांगले आहेत, लिफ्टपाशी हसतात. पुस्तकं खोक्यांतच राहिली.

महिन्याभराने बँकेच्या कामासाठी सांगलीला जाऊन परत येत होतो. एसटी उंब्रजला थांबली आणि मी उतरलो. सुभेदारांना फोन केला तर ते मोटारसायकल घेऊन न्यायला आले.

कपाट त्यांच्या पुढच्या खोलीत होतं. मी ओळखलंच नाही. सगळं नव्याने पॉलिश केलेलं, आरशासारखं. विटेच्या जागी नवा पाय. वरच्या कप्प्यांत त्यांची पदकं, मुलांचे लग्नातले फोटो.

"खालचं दार लावून बगा," ते म्हणाले.

मी लावलं. आवाज न करता ते मिटलं. मग उघडलं. आतली बाजू रंधा मारून गुळगुळीत केली होती. डाग नव्हता, रेघ नव्हती, अक्षर नव्हतं. मी हात फिरवला. लाकूड गार लागलं.

"मिस्त्री म्हनला, डाग जात न्हाई. म्या म्हनलं, घासून काढ. सरांनी यवढं जपलंय." ते माझ्याकडे पाहत होते. "झालं का न्हाई झ्याक?"

त्यांनी मायेने केलं होतं सगळं. "फार सुंदर केलंत," मी म्हटलं.

त्यांच्या सूनबाईंनी जेवायचा आग्रह केला. मी भाकरी खाल्ली, सुभेदार पलटणीतल्या गोष्टी सांगत राहिले, मी हसायच्या जागी हसलो. मला स्टँडवर सोडताना म्हणाले, "आता घरच हाय तुमचं. येत जावा."

नंतर सांगलीच्या फेऱ्या झाल्या. उंब्रज आलं की मी खिडकीशी बसून राहतो, उतरत नाही. सुभेदारांचा अधूनमधून फोन येतो. कवा येताय, विचारतात. मी गुडघ्यांचं कारण सांगतो. ते मग मी चौकशी न करताही हायवेची, उसाची, नातवाची सगळी हकिगत ऐकवतात. मी ऐकतो आणि फोन लगेच ठेवत नाही.