कुलूप उघडेपर्यंत

चावीवाल्या मावशींच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे त्यांच्या नवऱ्याला लग्नानंतर लगेचच कळलं होतं. शेजारी पाहुणे कोण आले, जिना उतरणाऱ्याच्या पिशवीत काय आहे, वरच्या मजल्यावरची सून आज का रुसलीय, हे कळल्याशिवाय मावशींना घास गोड लागत नसे. आणि कळलं की चार घरी सांगितल्याशिवाय राहवत नसे. अशा बाईला कुलपं उघडायचा धंदा शिकवायचा म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवायचं. पण नवऱ्याची नजर अधू होत चालली होती, दुकान सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं आणि मावशींची बोटं विलक्षण हलकी होती. त्याने त्यांना सगळं शिकवलं आणि शेवटी एक अट घातली. कुलूप सुटल्याचा आवाज आला की पाठ फिरवायची. कपाट असो, तिजोरी असो, पेटी असो, आत बघायचं नाही. सरळ जाऊन हात धुवायचे आणि गिऱ्हाइकाने हाक मारली की मगच परत यायचं.

"तू चांगली आहेस म्हणून नाही सांगत," तो म्हणाला होता. "बघितलंस तर बोलशील, म्हणून सांगतोय."

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, तरी मावशींनी अट मोडली नाही. शहरातली निम्मी कपाटं त्यांनी उघडली असतील, पण एकातही काय होतं ते त्यांना ठाऊक नाही. लोक त्यांना विश्वासाच्या बाई म्हणतात. विश्वास कसला, हात धुताना दर वेळी त्यांचा जीव नुसता वरखाली होत असतो.

दुकान जिन्याखाली आहे. एक माणूस बसला की दुसऱ्याने उभंच राहावं, एवढं. भिंतीवर खिळ्याखिळ्याला कोऱ्या चाव्यांचे झुबके, फळीवर कानशी, कोपऱ्यात चाव्या कापायचं मशीन, आणि सगळ्यावर पितळेचा बारीक भुसा. मावशींच्या पावातसुद्धा तो सापडतो असं त्यांची भाची म्हणते. ही भाची म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. एका स्टुडिओत ती व्हिडिओ कापायचं आणि जोडायचं काम करायची. स्टुडिओ बंद पडला, तेव्हा थोडे दिवस म्हणून मावशींकडे आली आणि राहिली.

हाताला चाळा हवा म्हणून तिने मावशींचे व्हिडिओ काढायला सुरुवात केली. मावशींची बोटं, वाकडी तार, खट्ट आवाज, की संपलं. लोक बघत होते, पण बघता बघता निघूनही जात होते. अशात कुलपांच्या एका घाऊक व्यापाऱ्याने तिला बोलावून घेतलं. त्याला आपल्या मालाच्या गोष्टी सांगणारं माणूस कायमचं कामावर हवं होतं. टीचभर व्हिडिओ कोणीही करतो, तो म्हणाला, तीन मिनिटांचा करून दाखव, आणि लोक शेवटपर्यंत थांबले पाहिजेत. तसं झालं तर नोकरी. नाही झालं तर भाचीला परत जाऊन बापाच्या गोदामात बिलं लिहायची होती. बापाने तिच्यासाठी टेबल पुसून ठेवल्याचं फोनवर सांगितलं, त्या दिवशी पोरगी जेवली नाही. मावशींना ते फार लागलं.

मग दोघींनी कंबर कसली. पहिल्यांदा भाचीने मावशींना कुलूप सावकाश उघडायला सांगितलं. मावशींनी तार उगाच इकडेतिकडे फिरवली, कपाळाला आठ्या घातल्या, मध्येच उसासा टाकला. व्हिडिओ लांबला खरा, पण पलीकडच्या रस्त्यावरच्या चावीवाल्याने खाली लिहिलं की मावशी आता थकल्या, गिऱ्हाइकांनी माझ्याकडे यावं. मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्या वेळी भाचीने खालून धडधडणारं संगीत लावलं. मावशी म्हणाल्या, हे काय, मी चोरी करतेय की काय?

भाचीच्या फोनवर प्रत्येक व्हिडिओची एक रेघ दिसायची. लोक थांबले की रेघ सपाट, निघून गेले की घसरलेली. मावशींना या रेघेने वेड लावलं. कोण कुठे उठून गेलं हे कळायची सोय आहे, ही गोष्टच त्यांच्या स्वभावाला धरून होती. चहा पिताना त्या एकेक रेघ बघत बसायच्या. सगळ्या रेघा घसरगुंडीच्या. फक्त एक मध्येच बराच वेळ सपाट चालत होती.

ही इथे अशी का, त्यांनी विचारलं. भाचीने तो व्हिडिओ लावला. एक नर्स दाराबाहेर अडकली होती, चावी आत, दूध गॅसवर. मावशी तार घालत होत्या आणि ती बोलत होती. दूध उतू गेलं असेल, की मी गॅस बंद केला होता? केला होता बहुतेक. नाही, नाही केला. भाचीने तो दोनदा बघितला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"मावशी, लोक कुलपासाठी थांबतच नाहीत गं. ते दाराबाहेरच्या माणसासाठी थांबतात. आपण उगीच तुझी बोटं दाखवत बसलो."

तेव्हापासून रीत बदलली. आधी विचारायचं, मग तार घालायची. कोणाचं आहे, आत काय असेल, काय असावं असं वाटतं. मावशींना तर रानच मोकळं मिळालं. आत बघायची बंदी होती, विचारायची नव्हती. इतकी वर्षं हे आपल्याला सुचलं कसं नाही, याचं त्यांना वाईटसुद्धा वाटलं. गिऱ्हाइकं बोलायची आणि रेघा हळूहळू सपाट व्हायला लागल्या. पण पुऱ्या तीन मिनिटांची गोष्ट काही हाती लागेना, आणि व्यापाऱ्याने दिलेली मुदत सरत आली.

अशा एका दुपारी विम्याचा एजंट आला. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग आणि काखेत पत्र्याची छोटी पेटी. पेटी आईची आहे, उघडून द्या, म्हणाला. भाचीने व्हिडिओ काढू का विचारलं. चेहरा दाखवू नका, हात आणि पेटी चालेल, असं ठरलं. मावशींनी पेटी पुढे ओढली आणि नेहमीचा प्रश्न टाकला, आत काय असेल?

माणूस आधी चाचरला. मग म्हणाला, तेच तर कळत नाही. आई रोज दुपारी खोलीची कडी लावून घेते. पेटी उघडल्याचा आवाज येतो, मग बराच वेळ काही नाही. एकदा सुट्टीच्या दिवशी तो दाराशी उभा राहिला होता. आत आई हसत होती. एकटीच.

"एकटं माणूस असं हसतं का हो?" त्याने विचारलं. "तिच्या डोक्याचं काही सुरू झालं असेल तर मला कळायला हवं ना?"

मावशींची तार कुलपात फिरत होती, पण कान त्याच्याकडे होते. त्या विचारत गेल्या, तो बोलत गेला. दिवसभर लोकांना विमा समजावून जीभ सोलवटते, घरी गेल्यावर तोंड उघडवत नाही, म्हणाला. लहानपणी आई त्याला शाळेत सोडायला यायची आणि फाटकापाशी त्याच्या बुटाची नाडी पुन्हा बांधायची, बांधलेली असली तरी. तो वर्गात जाईपर्यंत ती तिथेच उभी असायची, हे त्याने एकदा खिडकीतून बघितलं होतं. ते तिला कधी सांगितलं नाही, म्हणाला, आणि नाक पुसू लागला. भाचीने फोन जरासुद्धा हलू दिला नाही. हीच ती तीन मिनिटं, तिला कळलं होतं.

मावशींच्या बोटांना आतली शेवटची पट्टी लागली. आता नुसता दाब द्यायचा. गोष्ट थोडी लांबवावी म्हणून त्यांनी आणखी एक विचारलं.

"चावी हरवली कधी?"

"हरवली नाही," तो म्हणाला. "तिच्या गळ्यात असते. ती देत नाही."

मावशींचा हात तिथेच थांबला. आई कुठेय आत्ता, त्यांनी विचारलं. शेजारणीबरोबर डोळे तपासायला गेलीय, तो म्हणाला, आणि मान खाली घातली.

पूर्वीच्या मावशी असत्या तर पेटी केव्हाच उघडली असती, आणि त्या बाहेरच्या नळाखाली हात धुवत असत्या. त्या विचारतच नसत, त्यामुळे त्यांना काही कळतच नसे. आता कळून बसलं होतं. भाची कानाशी येऊन पुटपुटली, मावशी, उघड ना, गोष्टीला शेवट हवा, माझी नोकरी आहे. आणि मावशींना स्वतःलासुद्धा आत काय आहे ते जाणून घ्यायचं होतं, पोटात दुखावं इतकं. त्यांनी तार बाहेर काढली.

"पेटी तिची आहे," त्या म्हणाल्या. "तिला विचारा."

"विचारलं. काही नाही म्हणते."

"मग परत विचारा. इथे माझ्याशी एवढं बोललात, तसं तिच्याशी बोला."

त्याने बंद पेटी उचलून काखेत घेतली. तो निघाला तेव्हा भाचीने खालमानेने विचारलं, हे टाकलं तर चालेल का? टाका, तो म्हणाला, आई थोडीच बघणार आहे. कुठल्याशा खोट्या फोनला ती एकदा फसली, तेव्हापासून त्याने तिच्याकडे फोन ठेवलाच नव्हता.

भाची मावशींशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही. पण काम तिने जीव ओतून केलं. लांबलचक चित्रण कापून तीन मिनिटांचं केलं. शेवट नव्हताच, म्हणून माणसाचे हात बंद पेटी उचलून नेतात तिथे संपवलं. रेघ इथून तिथून सपाट राहिली. खाली लोक हमरीतुमरीवर आले, कोणी मुलाच्या बाजूने, कोणी आईच्या. व्यापाऱ्याचा मात्र निरोप आला की लोक थांबले हे खरं, पण कुलूप उघडलंच नाही, विचार करून फोन करतो. मावशींनी त्या दिवशी भाचीसाठी तिचा आवडता पदार्थ केला. तिने तो खाल्ला, पण मान वर केली नाही.

दोन-चार दिवसांनी दुकानासमोर एक म्हातारी बाई उभी राहिली. नवा चष्मा, हातात कापडी पिशवी. तिने पिशवीतून पत्र्याची पेटी काढून फळीवर ठेवली.

"हीच ना ती?" तिने विचारलं.

मावशींनी हातातली कानस खाली ठेवली आणि मान डोलावली. आजींनी गळ्यातली चावी काढून पुढे केली. हिच्यावरून आणखी एक बनवून द्या, म्हणाल्या, माझ्या मुलाला द्यायचीय. आणि लगेच स्वतःच पेटी उघडली. आवाज झाला तशी मावशींची पाठ आपोआप फिरली आणि त्या नळाकडे निघाल्या.

"अहो, निघालात कुठे? बघा तरी," आजी म्हणाल्या.

मावशींनी वळून बघितलं. आत हातरुमालात गुंडाळलेला एक जुना फोन होता, त्याची तार आणि कानात घालायची बोंडं. बहिणीने लपवून दिला, आजींनी सांगितलं. मुलाला कळलं तर काढून घेईल म्हणून पेटीत. दुपारी त्या हसायचे व्हिडिओ बघायच्या, आणि मावशींचेही. कुलूप भसकन उघडून व्हिडिओ संपला की त्यांना राग यायचा. परवा त्यांनी फोन लावला, तर पडद्यावर त्यांचीच पेटी.

"आधी वाटलं, घरी येऊ दे, कान उपटते. मग आवाज ऐकत गेले." आजींनी चष्मा काढून पुसला. "घरी मला जेवलीस का, गोळी घेतलीस का, एवढंच विचारतो हो. त्या नाडीचं त्याला आठवतं, हे मला माहीतच नव्हतं."

मावशींचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. आजी भाचीकडे वळल्या.

"बाळ, हा व्हिडिओ एवढाच आहे का? तो आणखी बोलला असेल ना?"

भाचीने मावशींकडे बघितलं. मग आपल्या फोनमध्ये शोधून तिने न कापलेलं सगळं चित्रण लावलं आणि आजींना स्टुलावर बसवून फोन हातात दिला. त्यात तिने टाकून दिलेलं सगळं होतं. घसा खाकरणं, लांब गप्प बसणं, मध्ये गेलेली गाडी, चहावाल्याचं येऊन जाणं, आणि पुन्हा आईचंच काहीतरी. एवढं कोण बघत बसणार म्हणून तिने ते काढलं होतं. मावशी चावी करायला बसल्या. मशीनचा आवाज नको म्हणून कानशीने घासत राहिल्या.

मध्येच पडद्यावर व्यापाऱ्याचं नाव आलं, मुलाचा आवाज तुटला आणि फोन वाजायला लागला. आजी दचकल्या. भाचीने वाकून व्यापाऱ्याचा कॉल कापला, काही नाही आजी, चालू राहू द्या, म्हणाली. नोकरी तिला मिळाली, पण ते दुसऱ्या दिवशी, तिने स्वतः फोन केल्यावर.

आजी बघत होत्या. एका जागी त्यांनी बोट दाखवून मावशींना विचारलं, "इथे तो रडतोय, की सर्दी झालीय?"

"रडत होता," मावशींनी सांगून टाकलं.

आजींनी मान हलवली आणि पुढचं ऐकू लागल्या.