बुद्धरत्नच्या वाटणीची सीताफळं

गणपती उठले की पिंपळे गुरवच्या रविवारच्या शेतकरी बाजारात सीताफळ येतं. सासवडकडच्या दादासाहेबांचा टेम्पो लागला की ते पहिल्या क्रेटला हळदकुंकू लावायचे, नारळ फोडायचे आणि आजूबाजूच्या गाळ्यांवर सगळ्यांच्या हातात एकेक फळ द्यायचे. "आलं बघा पीक. तोंड गोड करा." स्वतः मात्र गिऱ्हाइकाशी बोलायला लाजायचे. म्हणून त्यांचा गाळा दापोडीची रश्मी सांभाळायची. एरवी आठवडाभर ती भोसरीतल्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायची.

रश्मी दिवसभर फळं विकायची, पण घरी कधी एकही न्यायची नाही. तिचा नवरा बुद्धरत्न चाकणला मशीनवर होता. शिफ्टमध्ये डोकं ठणकलं की गोळी घ्यायचा आणि ओव्हरटाइमला पुन्हा उभा राहायचा. ब्लडप्रेशर कधीपासून वाढलं होतं, कुणाला पत्ता नव्हता. पाय सुजले तेव्हा तपासलं, तर दोन्ही किडन्या गेलेल्या. कंपनीनं पुढचं कंत्राट दिलं नाही. मग मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. डॉक्टरांनी रश्मीला समोर बसवून बजावलं होतं, "फळं बंद. त्यातलं पोटॅशियम यांच्या रक्तात साठतं, आणि साठलं की हृदय थांबतं. केळं, सीताफळ, नारळपाणी, नावसुद्धा काढायचं नाही."

सासूबाईंना, सोजरबाईंना, हे पटत नव्हतं. त्या बीडकडच्या. बालाघाटच्या डोंगरात सीताफळं खाऊन वाढलेल्या. "अगं, फळानं कुठं माणूस मरतंय व्हय? त्या सुयांनीच माझं लेकरू वाळलं," असं त्या येईल-जाईल त्याला सांगायच्या. रश्मी त्यांना आत्याबाई म्हणायची. ती समजावून थकली आणि गप्प बसायला शिकली.

त्या वर्षी दादासाहेबांनी पिशवीत चार फळं घातलीच. "म्हातारीला न्या. दरवर्षी मोकळ्या हातानं जाता." रश्मीला वाटलं, खरंच, यांच्या पथ्यापायी म्हातारीनंही कितीतरी दिवसांत फळ चाखलं नाही. घरी आल्यावर तिनं पिशवी सासूच्या हातात दिली. "आत्याबाई, ही तुमची. ह्यांना द्यायची नाहीत हं."

"कळतंय मला," सोजरबाई म्हणाल्या.

सोमवारी रश्मी कँटीनवरून परतली तेव्हा बुद्धरत्न भिंतीला टेकून बसला होता. पाय उचलत नव्हते, ओठ पांढरे पडले होते. तिनं शेजारच्या प्रीतमला हाक मारली, दोघांनी त्याला उचलून रिक्षात घातलं. प्रीतम पुढं ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसला. सोजरबाई घराला कुलूप लावून मागून येणार होत्या.

दापोडीच्या सिग्नलला रिक्षा अडकली. बुद्धरत्न रश्मीच्या खांद्यावर डोकं टाकून म्हणाला, "सीताफळ खाल्लं मी."

"किती?"

"तीन. आईनं बिया काढून वाटीत आणलं. नको म्हटलं, तर रडायला लागली. आणि मलाही खायचं होतं गं. किती दिवसांनी."

रश्मीनं ड्रायव्हरला ओरडून गाडी काढायला सांगितली. पुढं गाड्यांची भिंत होती.

"आईला सांगू नको," तो म्हणाला. "तिला जगायचंय अजून."

दवाखान्यात त्याला आत घेतलं. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? रश्मीनं खरं सांगितलं. त्यांनी धावपळ केली, छाती दाबली, इंजेक्शनं दिली. अंधार पडायच्या सुमाराला ते बाहेर आले आणि मान हलवली.

सोजरबाई तोवर येऊन बाहेर बाकावर बसल्या होत्या. "काय झालं गं माझ्या लेकराला?"

रश्मीनं त्यांच्याकडं पाहिलं. "हार्ट अटॅक आला, आत्याबाई."

पुण्यानुमोदनाच्या दिवशी गल्लीतली माणसं श्रद्धांजलीला आली. सोजरबाई प्रत्येकाला सांगत होत्या, "जाताना तरी गोड खाऊन गेलं माझं बाळ. माझ्या हातानं भरवलं मी. सुटंना झाली होती वाटी त्याच्या हातातून." बायका डोळे पुसत होत्या. "तेवढंच समाधान," असं म्हणत होत्या. रश्मी आतल्या खोलीत गेली आणि भिंतीवर कपाळ टेकून उभी राहिली. बाहेरून हाक आली तेव्हा चहाचे कप घेऊन आली.

पिशवी घरात आणली ती तिनं. हेही कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्याचा अर्थ तिला एकटीलाच ठाऊक होता.

एकदा भांडी घासता घासता सोजरबाई पुन्हा तीच गोष्ट सांगू लागल्या. रश्मीच्या हातातलं पातेलं खाली आदळलं. "आत्याबाई, तुम्ही त्यांना—"

"काय गं?"

म्हातारीच्या चेहऱ्यावर नुसता प्रश्न होता. रश्मी म्हणाली, "काही नाही. तुम्ही त्यांना लहानपणी काय हाक मारायचा?"

"रतन," सोजरबाई म्हणाल्या, आणि मग बराच वेळ बोलत राहिल्या.

पुढच्या वर्षी दादासाहेबांचा टेम्पो वेळेवर लागला. नारळ फुटला. त्यांनी रश्मीच्या हातावर फळ ठेवलं, तिनं ते परत क्रेटमध्ये ठेवलं आणि तराजू पुढं ओढला. दिवसभर तिनं माल विकला. सीताफळ त्या वर्षी उदंड आलं होतं. गाळ्यांवर ढीग लागले होते.

घरी आल्यावर सोजरबाईंनी विचारलं, "सीताफळ आलं का गं बाजारात? रतनच्या फोटोपुढं ठेवलं असतं."

"नाही आलं अजून," रश्मी म्हणाली.

दर रविवारी त्या विचारायच्या. दर रविवारी ती हेच सांगायची. दिवाळीही झाली.

"पाऊस लई झाला आसंल औंदा," सोजरबाई म्हणाल्या.

"हो," रश्मी म्हणाली.